सड्यावरचा परदेश

आमच्या मिरजोळ्याला एमआयडीसीच्या मागे जांभ्याचा सडा आहे, म्हणजे सपाट कातळाचा माळ. उघडाबोडका, उन्हाळ्यात अनवाणी गेलात तर तळवे भाजून निघतील असा. त्या सड्यावर काही वर्षं परदेश होता. मी थापा मारते असं वाटत असेल तर माझ्या खानावळीत जेवून गेलेल्या कोणालाही विचारा. चुन्याने आखलेले रस्ते होते, मधे तुटक पट्टी, कडेला सलग पट्टी, चालणाऱ्यांसाठी झेब्रा क्रॉसिंग आणि एका करवंदीच्या जाळीभोवती मोठं सर्कल. बांबूवर लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रंगवलेले तेलाचे डबे, तो सिग्नल. ज्या डब्याची दोरी ओढली तो वर जायचा. आणि या मुलखात सगळ्या गाड्या उजवीकडून चालायच्या.

त्या देशाचा राजा, पोलीस आणि कायमचा रहिवासी मिळून माणूस एकच. सुधाकर मांडवकर. पण मांडवकर म्हटलं तर इथे कोणी ओळखायचं नाही. गावाने त्यांना उजवे मास्तर करून टाकलं होतं. एकदा तर लग्नाची पत्रिका आली, त्यावर श्री. व सौ. उजवे. त्यांची बायको सुमन माझी मैत्रीण, ती पत्रिका घेऊन माझ्याकडे आली आणि हसून हसून बाकावर बसली.

मास्तरांकडे पोरं यायची पालीकडून, लांज्याकडून, आतल्या वाड्यांवरून. सगळी गल्फला जायच्या तयारीतली. तिकडे मोटरसायकलला मागे पेटी लावून जेवणाची पार्सलं पोचवायचं काम मिळतं. काम मिळतं, पण आधी तिकडचं लायसन्स काढावं लागतं, आणि तिथली परीक्षा म्हणजे यमाची. नापास झालात की पुन्हा नंबर लागेपर्यंत खोलीत बसा. काम नाही, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, त्यामुळे घरीही परतता येत नाही. मास्तर स्वतःही सुरुवातीला तसे बसले होते. "वैनी, वरच्या बिछान्यावर पडलं की छत नाकाला लागतं," ते मला एकदा बोलले. "बाहेर येवढा मोठा रस्ता, आणि आपण त्याच्यावर जायचं नाय." म्हणून ते पोरांना इथेच पक्की करून पाठवायचे.

दिसायला उंच, काटक. कितीही उकडत असलं तरी सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. आणि डोक्यावर हेल्मेट. चालत आले तरी हेल्मेट. खानावळीत शिरायचे, बाकावर टेकायचे आणि मगच ते उतरवून मांडीवर घ्यायचे. पोरांना त्यांचा एकच मंत्र होता, आधी मान, मग हात. म्हणजे गाडी वळवायची तर आधी मान वळवून मागे बघायचं, मगच हँडलाला हात लावायचा. हे त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की लोणच्याची बरणी घ्यायची तरी आधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचे. एकदा मी ताट घेऊन मागून येत होते, तर हात आडवा करून बोलले, "वैनी, ब्लाइंड स्पॉट!"

मी म्हटलं, "मास्तर, ब्लाइंड स्पॉटात कढत आमटी आहे. सरका, नाहीतर अंगावर घ्या."

सरकले. पण मान वळवून बघितल्यावरच.

देवळातही तीच तऱ्हा. तिकडच्या सर्कलचा नियम असा की आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला, बाहेरच्याने थांबायचं. मास्तर तो नियम गाभाऱ्यालाही लावायचे. कोणी प्रदक्षिणा घालत असेल तर हे उंबऱ्याबाहेर उभे. संकष्टीला गर्दी कधी सरते? सुमन दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन बाहेर यायची, तरी हे तिथेच. मग ती तिथल्या तिथे त्यांच्या हातावर खोबरं ठेवायची. कोणी हसलं तर मास्तर बोलायचे, "रस्ता कोणाच्या बापाचा नाय. आपली फक्त पाळी असते."

पण मास्तरांची पाळी काही यायची नाही, आणि हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. त्यांची मोटरसायकल सड्यावरच एका पत्र्याच्या शेडमध्ये असायची. तिच्या चाकांना डांबर ठाऊक नव्हतं. सड्यावरचा चुन्याचा रस्ता जिथे खऱ्या रस्त्याला मिळायचा तिथे त्यांनी जाड पांढरी पट्टी मारली होती, थांबायची. माझी खानावळ अगदी तिच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे. संध्याकाळी पोरं गेली की मास्तर गाडीवरून त्या पट्टीपर्यंत यायचे. पाय टेकायचे. डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, परत डावीकडे. कधी कधी तर रस्ता चक्क मोकळा असायचा, साधी सायकलसुद्धा नाही. तरी ते तसेच उभे. मग गाडी वळवून माघारी. वाटायचं, जावं आणि मागून एक धक्का द्यावा. सुमन माझ्या बाकावर लसूण सोलत बसलेली असायची. ती मान वर न करता बोलायची, "आज जरा जास्त वेळ थांबले, नाय गो?"

ते असे का झाले ते सांगते, म्हणजे तुम्ही त्यांना वेडा म्हणणार नाही.

मास्तर तिकडे बरीच वर्षं पार्सलं पोचवत होते. एका साली गणपतीला सुट्टी काढून आले. गौरीच्या सणाला सुमनला घेऊन तिच्या माहेरी, पालीला निघाले, भावाच्या मोटरसायकलवरून. सबंध रस्ता नीट गेले. पालीच्या अलीकडे झेंडूची फुलं घ्यायला थांबले. फुलं घेतली, सुमन मागे बसली, रस्ता मोकळा, पुढे-मागे कोणी नाही. आणि मास्तरांनी गाडी सुरू केली ती सरळ उजव्या बाजूला लावली. मनात काही नाही, हातांनाच ती सवय. वळणावर समोरून चिऱ्यांचा ट्रक आला. ट्रकवाला बिचारा आपल्या बाजूने येत होता. मास्तरही आपल्या बाजूनेच चालले होते, फक्त ती बाजू दुसऱ्या देशातली होती.

त्यांनी गाडी गटारात घातली म्हणून जीव वाचले. त्यांना खरचटलं. सुमनचा गुडघा गाडीखाली सापडला. लोक जमले आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ट्रकवाल्यालाच खाली ओढायला लागले. तेव्हा मास्तर, हातात फुलांची पिशवी तशीच, मध्ये जाऊन उभे राहिले. "त्याला हात लावू नका. चूक माझी आहे." सुमनच्या पायात सळई आली, हातात काठी आली. मास्तर परत गल्फला गेले नाहीत, आणि इथल्या रस्त्यावरही परत गाडी घेऊन आले नाहीत. दोन्हीकडून राहिले.

बरं, दुसऱ्याच्या गाडीत बसावं, तर तेही नाही. एकदा शेजाऱ्यांनी बळेच रिक्षात घातलं. समोरून एसटी आली तसा मास्तरांनी मागून हात घालून रिक्षाचं हँडलच उजवीकडे ओढलं. रिक्षावाल्याने जे काय आईबहिणीवरून सुरू केलं ते गावात पोचेपर्यंत थांबलं नाही. त्यानंतर त्यांना कोणी रिक्षात घेईना. सुमनला इस्पितळात न्यायची तर ती रिक्षातून पुढे आणि मास्तर मागून चालत. "माझी वरात बघ," ती मला हात हलवून सांगायची.

मी एकदा विचारलंच, "मास्तर, ज्या सवयीने घात केला तीच पोरांना कशाला लावता?"

त्यांनी ताटातला भात कालवला. मग बोलले, "वैनी, माझे हात इथल्यासाठी बिघडले. तिकडच्यासाठी ते बरोबर आहेत. कोणाच्या तरी उपयोगी पडूदेत."

पण पोरांच्या बाबतीत काळजी किती! प्रत्येकाच्या गाडीला लाल फडकं. सड्यावर असताना ते उजव्या हँडलला बांधायचं, म्हणजे रस्त्याची कड या हाताला. सड्यावरून निघताना पांढऱ्या पट्टीवर उतरायचं, फडकं सोडून डाव्या हँडलला बांधायचं, घोटभर पाणी प्यायचं, मोठ्याने बोलायचं, "आता डावी बाजू," आणि गाडी हाताने ढकलत डांबरावर न्यायची. कोणी आळस केला की दुसऱ्या दिवशी शिकवणी बंद. गल्फहून सुट्टीवर आलेल्या पोरांनाही हुकूम होता की पहिले काही दिवस नुसतं चालायचं. एक पोरगा खजूर घेऊन मोटरसायकलवरून भेटायला आला, तर मास्तरांनी खजूर घेतले, किल्ली काढून घेतली आणि त्याला पायी घरी पाठवला.

आता कौलाचं सांगते. लांज्याकडचा एक संदेश म्हणून पोरगा होता. त्याची आई नवस-सायासवाली. लेक पास व्हावा म्हणून ती एक दिवस आली आणि सर्कलच्या मधोमध, करवंदीच्या मुळाशी, एक दगड मांडून शेंदूर फासून, नारळ फोडून गेली. झालं! दुसऱ्या दिवसापासून एकही पोरगा सर्कल धड फिरेना. कारण आपल्याकडे देवाला प्रदक्षिणा घालतात त्याच्या बरोबर उलटं तिकडचं सर्कल फिरावं लागतं. मास्तर ओरडायचे, "उलटं, उलटं!" आणि पोरं सरळच फिरायची. शेवटी संदेश गाडीवरून उतरला. "मास्तर, तुमी मारा पायजे तर. देवाला उलटी प्रदक्षिणा आपण नाय घालणार."

"अरे, देव काल बसवलाय तुझ्या आयेने!"

"बसवला तो बसवला."

दगड हलवायची तर कोणाची छाती होईना. मास्तरांचीही नाही, उगाच खोटं कशाला सांगा. मग गावच्या रीतीने गुरवाला बोलावला. आम्ही खानावळ बंद करून बघायला गेलो. गुरवाने दगडाला पाणी घातलं, त्याच्या ओल्या अंगावर डावीउजवीकडे कळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरं पोटासाटी परमुलकात चालली हायत. तिकडचा रस्ताच उलटा हाय, त्याला ती काय करतील? तवा ती तुज्याभोवती उलटी फिरली तर राग धरू नको म्हाराजा. तुज्या मनात आसंल तर उजवा कौल दे."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

कळी काही पडेना. ऊन डोक्यावर. पोरं हेल्मेट घालून हात जोडून उभी, मास्तरांच्या कपाळावरून घाम गळतोय. शेवटी उजवीकडची कळी अलगद सुटून खाली पडली आणि एवढा गिल्ला झाला की सड्यावरच्या टिटव्या उडाल्या. सगळ्या गाड्या एकामागून एक देवाला उलट्या फिरल्या. संदेश पुढे पहिल्या झटक्यात पास झाला. आई त्याचं श्रेय अजून दगडाला देते, मास्तरांना नाही.

लोक पांगले तेव्हा मास्तर गुरवाजवळ गेले. मी नारळाची शकलं गोळा करत होते, म्हणून ऐकू आलं. "अजून एक विचारायचं होतं," मास्तर बोलले. "माझ्यासाठी. मी या रस्त्यावर..." आणि थांबले. गुरव कळी हातात घेऊन वाट बघत होता. "नको. ऱ्हावदे." हेल्मेट घालून चालायला लागले. मला तेव्हा कळलं, त्यांना डाव्या कौलाची भीती नव्हती. उजवा मिळाला असता तर मग पट्टी ओलांडावी लागली असती.

सुमनची आई गेली ते वर्ष मी विसरणार नाही. सकाळी पालीहून फोन आला. सुमनला शेजाऱ्यांनी गाडीत घातलं. मास्तर निघाले चालत. भर चैत्रातलं ऊन, पालीपर्यंतचं अंतर. ते पोचले तेव्हा सगळं आटपून लोक नदीवरून परतले होते. जावई म्हणून पुढे उभं राहायचं, तो माणूस धुळीने माखलेला, चपलेचा अंगठा तुटलेला, सगळ्यांच्या शेवटी आला. सुमन ओटीवर बसली होती. "आलात ना," एवढंच बोलली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी तोंडाची फटकळ. परत आल्यावर तिला बोलले, "हे काय ग जगणं? किती दिवस सोसणार?"

तेव्हा पहिल्यांदा ती चिडली. "पायाचं मला काय वाटत नाय. पाय गेला तो गेला. पण हा माणूस त्या वळणावर तसाच उभा आहे गो. इकडे नाय, तिकडे नाय. मला तो परत पायजे. एकदा त्याच्या मागे बसून पालीला जायचंय मला, बस्स." आणि पदराने तोंड पुसून पुन्हा लसूण सोलायला लागली. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते माझ्या गिऱ्हाइकांना विचारा.

मग सड्याचा प्लॉट कुठल्याशा कारखान्याला गेला. चिऱ्यांची भिंत चढायला लागली. दर दिवशी थोडा थोडा परदेश भिंतीआड व्हायचा. आधी झेब्रा क्रॉसिंग गेलं, मग सिग्नलचा बांबू कोणीतरी मांडवाला नेला. पोरं बोलली, मास्तर, गाडी आम्ही घरी आणून देतो. मास्तर हो म्हणेनात, नाही म्हणेनात. भिंतीला फाटक बसलं तरी गाडी आतच. शेवटी वॉचमन माझ्याकडे येऊन सांगून गेला, उद्यापासून कुलूप, मग आतलं सामान आतच.

त्या दिवशी मास्तर नेहमीसारखे गाडी घेऊन पट्टीपर्यंत आले. मागे फाटक अर्धं लावून वॉचमन उभा. पुढे डांबर. पाय टेकला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वॉचमन बोलला, "काका, आत तरी या नायतर बाहेर तरी जा. मी काय रात्रभर फाटक धरून उभा ऱ्हाऊ?" मास्तरांनी ऐकलं की नाही देव जाणे. त्यांनी परत डावीकडे बघितलं.

सुमनने मांडीवरचा लसूण बाजूला ठेवला. काठी घेतली. मी म्हटलं, "थांब, मी येते," तर बोलली, "तू नको." रस्ता ओलांडून गेली, एकेक पाऊल टाकत. एक टेम्पो तिच्यासाठी थांबला, हॉर्न न वाजवता. ती गाडीजवळ पोचली, उजव्या हँडलचं लाल फडकं सोडलं, डाव्या हँडलला घट्ट बांधलं. काठी वॉचमनच्या हातात दिली आणि मास्तरांचा खांदा धरून मागे बसली.

"बोला," ती बोलली.

मास्तर समोरच्या डांबराकडे बघत राहिले.

"पोरांना बोलायला लावता ना? आता तुमी बोला."

"आता डावी बाजू," मास्तर बोलले. आवाज कसला, नुसते ओठ हलले.

घर उजवीकडे होतं. पण उजवीकडे वळायचं म्हणजे रस्ता कापून पलीकडे जायचं, ते त्यांच्याने होईना. हँडल तिकडे वळे आणि परत सरळ होई. सुमन बोलली, "मग डावीकडेच चला. पुढे पाली आहे." आणि त्यांनी मान वळवली, खांद्यावरून मागे बघितलं, आणि चाक पट्टीवरून डांबरावर उतरलं.

खानावळीतली सगळी पोरं उष्ट्या हातांनी बाहेर आली. ज्यांना मास्तरांनी उजवीकडे, उजवीकडे करून रडकुंडीला आणलं होतं ती सगळी रस्त्याकडेला उभी राहून ओरडत होती, "डावीकडे मास्तर! डावीकडे!" मीसुद्धा ओरडत होते, हातात पळी. गाडी इतकी हळू की पायी चालणारा पुढे गेला असता. मागे ट्रक, रिक्षा, एसटी, सगळ्यांची रांग लागली आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ. सुमनचा डावा हात मास्तरांच्या डाव्या खांद्यावर थापटत होता, लहान मूल झोपवताना थापटतात तसा. वळणाजवळ गाडी हळूच मध्याकडे सरकली. आमचे सगळ्यांचे आवाज बंद झाले. थापटणारा हात वर गेला आणि खांद्यावर जोरात पडला. गाडी डावीकडे आली आणि वळणाआड गेली. आम्ही कान देऊन उभे होतो. नुसते हॉर्न वाजत होते, दुसरं काही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि आत आमटी करपली.

दिवेलागणीला पालीहून सुमनचा फोन आला. "पोचलो गो. हातखंब्याच्या तिठ्यावर उजवीकडे वळायचं होतं, तिथे दोघं उतरलो, गाडी ढकलत रस्ता ओलांडला. बाकी सगळं बसून आलो."

"आणि मास्तर?"

"ओटीवर बसलेत. हेल्मेट काढत नायत. बोलतात, परत जायचंय ना अजून."